मणगण्यातली गोळी

सर्वण, डिचोली
१२ नोव्हेंबर २०२४

ताई,

फोन लागत नाही. तसा तुझा फोन लागतो. माझ्या बायकोच्या, क्षमाच्या मोबाइलवरून लागतो, शेजारच्या शीतलच्या मोबाइलवरून लागतो, फक्त तुझ्या सख्ख्या भावाच्या नंबरावरून लागत नाही. कळलं. म्हणून हे पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

भाऊबिजेला तू ओवाळायचं ताट घेऊन बाबांच्या खोलीच्या दारात आलीस आणि तुला जे दिसलं ते बघायला बरं नव्हतं, हे मी मान्य करतो. पण तू शेवटच पाहिलास. त्याच्या आधीचे दिवस तू पाहिले नाहीस. मेंदूत रक्त साकळल्यापासून बाबांना झटके येतात आणि झटक्याची गोळी सकाळ-संध्याकाळ पोटात गेली नाही तर ते कुठेही कोसळतील, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. आणि बाबा गोळी घेत नाहीत. गालात धरून ठेवतात, आपण पाठ वळवली की जनेलातून बाहेर. खाली जास्वंदीच्या मुळाशी मला गोळ्या सापडल्या. समजावून सांगितलं, रागावलो, क्षमाने देवाची शपथ घातली. ‘माका नाका,’ एवढंच उत्तर. मग मी काय करायचं होतं? नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण आपण शाळेत वाक्यात वापरायचो. मी ती घरात वापरली, एवढंच.

आणि सफाईने वापरली, हेही सांगतो. जबडा कुठे धरला की तोंड मिटत नाही हे मला माहीत आहे, माझी नोकरीच त्यावर आहे. दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्यांना लागलं असतं. तुला वाटतं तसं काही त्यांना झालेलं नाही. ते बरे आहेत. जेवतात, टीव्ही बघतात.

तू ताट मेजावर ठेवलंस, आपटलंसच म्हण ना, आणि म्हणालीस, ‘तो उंदीर न्हय रे गौरेश, बापूय तो आपलो.’ परेशभावजींसमोर, क्षमासमोर. आणि न ओवाळता गाडीत जाऊन बसलीस. ते मला लागलं. माझं काम काय आहे ते तुला नीट माहीत नाही म्हणून सांगतो, आमच्याकडे आता उंदरांनासुद्धा कोणी असं जबरदस्तीने औषध देत नाही.

हे वाक्य लिहिलं आणि जरा थांबलो. पण खोडत नाही.

निदान बाबांसाठी क्षमाच्या नंबरावर फोन करत जा. ते तुझ्या फोनची वाट बघतात. मी त्या वेळी खोलीत नसेन.

गौरेश


सर्वण
२६ नोव्हेंबर २०२४

ताई,

उत्तर आलं नाही, तरी लिहितो. या वेळी भांडायला नाही. मला एक युक्ती सुचली आहे, आणि तीही तुझ्या त्या उंदराच्या वाक्यावरूनच, त्यामुळे श्रेय तुझं.

तुला मी माझं काम कधी धड सांगितलं नाही. लोक विचारतात तेव्हा ‘औषधाच्या कंपनीत’ म्हणून मोकळा होतो. माणसांना औषध द्यायच्या आधी ते आमच्याकडे उंदरांना देऊन बघतात. पूर्वी द्यायची पद्धत अशी, की उंदीर मानेजवळ मुठीत आवळायचा आणि पुढे गोळा असलेली वाकडी सुई घशातून सरळ पोटात उतरवायची. रोज. हात हुकला तर औषध फुप्फुसात जायचं. हात नाही हुकला तरी पिंजऱ्याचं झाकण उघडलं की सगळे मागच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसायचे. नव्यानं लागलो तेव्हा माझ्या बोटांना खूप चावले आहेत. तुला वाटायचं मी सुपारी कातरताना हात कापून घेतो.

आता सुई जवळजवळ बंद आहे. डब्यातलं घट्ट गोड दूध पाण्यात पातळ करतो आणि पिपेटीच्या टोकाला थेंब धरतो. सुरुवातीला नुसतं दूध. औषध नाही, पकडणं नाही. उंदीर आधी लांबून हुंगतो, मग मिशा लावतो, मग चाटतो. हळूहळू माझा हात दिसला की स्वतःच पुढे येऊन उभा राहतो. मग एक दिवस त्याच थेंबात औषध मिसळायचं. गुपचूप पिऊन जातो. ओरडा नाही, रक्त नाही. ही पद्धत आमच्याकडे आणायला मी वरच्यांच्या दारात जोडे झिजवले. ‘गौरेश, वेळ कोणाला आहे उंदरांना लाडू भरवायला?’ असं मला मीटिंगमध्ये ऐकवलेलं आहे. आता तेच साहेब पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. यंदाच्या जानेवारीपासून नव्या भरतीला शिकवायचं काम माझ्याकडे दिलं आहे. चंदगडकडची अमृता म्हणून एक मुलगी आली आहे, हात हलका आहे तिचा. तिच्यासाठी मी फळ्यावर तांबड्या खडूने नियम लिहून ठेवलाय: प्राणी नको म्हणाला तर आधी औषध तपासा, मग प्राणी.

तर युक्ती. बाबांचा जीव कशात आहे? मणगण्यात. चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ, नारळाचं दूध, त्यात काजू पडले की स्वर्ग. क्षमा आता एकदम तुझ्यासारखं करते. गेले काही दिवस रोज संध्याकाळी मी त्यांना वाटीभर मणगणं स्वतः नेऊन देतो. नुसतं, गोळीबिळी काही नाही. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला खोलीतून पळून जावंसं वाटलं. वाटी घेतली नाही. मी मेजावर ठेवून बाहेर आलो. नंतर बघतो तर वाटी चाटूनपुसून ठेवलेली. काल मी दारात दिसलो तर त्यांनी हात पुढे केला.

तू असतीस तर तुला बरं वाटलं असतं. मला इतकं बरं वाटलं की मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो. आता पुढच्या आठवड्यापासून गोळी. त्यांना कळणारसुद्धा नाही.

गौरेश


सर्वण
१४ डिसेंबर २०२४

ताई,

घाईत लिहितो. इकडे ठीक. युक्ती चालू आहे. बाबा मणगणं खातात, क्षमाचे नारळ संपत आले. मध्ये दोन-चार दिवस जरा पोट बिघडल्यासारखं झालं म्हणून खाणं कमी आहे, थंडीचं होतं असं. काळजीचं काही नाही. तू फोनवर त्यांना ‘जेवलात काय?’ असं विचारू नकोस, उगाच चिडतात. दुसरं काहीतरी बोल.

नाताळात यायचा विचार असेल तर आधी कळव. घराला रंग द्यायचा म्हणतोय, पसारा असेल.

गौरेश


सर्वण
८ जानेवारी २०२५

ताई,

रंगबिंग काही दिला नाही. तू येऊ नयेस म्हणून लिहिलं होतं. मागच्या पत्रातलं पोट बिघडल्याचंही खोटं. आता सगळं सांगतो आणि एकदाच सांगतो, कारण पुन्हा लिहायचा धीर होणार नाही.

मणगण्यात मी गोळी कुटून घातली. त्या गोळीला वरून लेप असतो. कुटू नये, अख्खी गिळावी, असं पाकिटावर छापलेलं आहे. त्या लेपाच्या आत औषध कडूजहर आहे, आणि लेप फोडला की ते सावकाश उतरायच्या ऐवजी एकदम अंगात जातं. हे पाकिटावर वाचायचीही मला गरज नव्हती. मला ठाऊक होतं. अख्खी घातली तर जिभेला लागेल आणि ते थुंकतील, म्हणून कुटली. गूळ जास्त घातला की झाकलं जाईल असं वाटलं.

पहिले दोन दिवस खाल्लं. तिसऱ्या दिवशी बाबांनी चमचा तोंडात घातला आणि थांबले. थुंकले नाहीत. तोंडातलं तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग गिळलं आणि विचारलं, ‘हातूंत कितें घातलां?’ मी म्हणालो, ‘गूळ करपला वाटतं.’

ताई, पाळी गावच्या खाणीवर पंचवीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस तो. चोर कोण आणि साव कोण हे त्याला क्लीनरच्या चालण्यावरून कळायचं. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे सरकवली. त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी त्यांनी घेतलेलं नाही.

मणगणं सुटलं. मग माझ्या हातची भाकरी सुटली. मग क्षमाच्या हातचंही, कारण रांधप एकच. दुधाने तोंड भाजलं की ताकही फुंकून पितात म्हणतात, बाबा तर ताकाला शिवतच नाहीत. गेला महिनाभर ते काय खातात सांगू? ज्याला साल आहे ते. केळी. उकडलेली अंडी, तीही कवच त्यांनी स्वतः फोडायचं. शहाळं त्यांच्यासमोर फोडलं तर त्याचं पाणी. आणि सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की काठी टेकत गेटपर्यंत जातात आणि त्याच्या टोपलीतून स्वतःच्या हाताने पाव उचलतात. घरात आणून पाणी लावून खातात. पाणी नळाचं, स्वतः ओतलेलं. आपल्याच घरात आपला बाप असा जेवतो. शर्टाच्या आत आता त्यांचं अंग शोधावं लागतं.

आणि तुला हसू येईल, की हे सगळं मी दर सोमवारी दुसऱ्यांना शिकवतो. उंदराला ओकता येत नाही. म्हणून तो चवीला फार जपून असतो. गोडात एकदा कडू सापडलं की ते गोड तो जन्मात पुन्हा तोंडाला लावत नाही, आणि ज्याने दिलं त्या हाताचाही विश्वास धरत नाही. म्हणून कडू औषध आधी गोडात घालायचंच नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. उंदराच्या बाबतीत मी ही चूक आजवर एकदाही केलेली नाही.

गोळी अर्थात बंदच. रविवारी पाव घेताना बाबा गेटवर कोसळले. पोदेराने सायकल टाकून त्यांना धरलं, नाहीतर डोकं दगडावर होतं. झटका ओसरला तेव्हा त्यांचा हात पोदेराच्या हातात होता. मी जवळ गेलो तर त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. शीतल बघत होती, पोदेर बघत होता, रस्त्याने डेअरीला चाललेले लोक बघत होते. मी फक्त उठवायला गेलो होतो गं. माझ्या हातात काहीसुद्धा नव्हतं.

आणखी एक. भाऊबिजेला त्यांना लागलं नाही असं लिहिलं होतं. लागलं होतं. वरचा ओठ आतून फाटला होता. क्षमाने हळद लावली. मी सफाईने केलं असं तुला लिहिलं तेव्हा तो ओठ सुजलेला होता आणि मी त्यांच्या शेजारच्या खोलीत बसून ते पत्र लिहीत होतो.

मला लाज वाटते. क्षमासमोर वाटते, बाबांसमोर तर मी जातच नाही, त्यांना पाहिजे तेव्हा स्वयंपाकघरात येऊन अंडं घेता यावं म्हणून मी घरी उशिरा येतो.

तू ये. मला बोलू नको हवं तर, माझ्याकडे बघू नको. पण ये. तुझ्या हातचं खातील ते. नाही खाल्लं तर काय, हे मी लिहीत नाही, तुला समजतं.

तुझा,
गौरेश


सर्वण
२७ जानेवारी २०२५

ताई,

तू येऊन बाबांना तुझ्याकडे कोरगावला घेऊन गेलीस हे मला काल संध्याकाळी क्षमाने सांगितलं. तू येणार हे तिने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. म्हणून मी सकाळी पहिल्या बसने कामावर गेलो. सुट्टी होती, रविवारी आमच्याकडे फक्त उंदरांना खायला घालणारा असतो. मी त्याला घरी पाठवलं आणि दिवसभर पिंजरे पुसत बसलो. तुला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. बोलवायचं आणि लपायचं, असला भाऊ तुला मिळाला.

घरी आलो तर बाबांची खाट रिकामी. चादर नीट घडी करून ठेवलेली, ते तुझंच काम.

क्षमाने सगळं सांगितलं. तू त्यांच्या पायाशी बसलीस, गोळीचं पाकीट त्यांच्या हातात दिलंस आणि विचारलंस, ‘बाबा, ही तुमका कित्याक नाका?’ आणि ते म्हणाले, ‘ती घेतली की माथ्यांत धुंवर भरता गो बाय. तुज्या आवयचें नांव आठवना. दीसभर सोदतां, सांपडना.’

क्षमा हे सांगताना स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होती. ती आवाज चढवत नाही, तुला माहीत आहे. म्हणाली, ‘इतले म्हयने आमी तांकां घे म्हणलें, घे म्हणलें. कित्याक नाका म्हूण एकान विचारूंक ना.’ एकान म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती.

ताई, बाबांना आईचं नाव आठवत नव्हतं. पद्मावती. गोळी घेतली की ते नाव निघून जायचं आणि ते दिवसभर खोलीत ते शोधत बसायचे, आणि मी संध्याकाळी दुसरी गोळी घेऊन दारात उभा. मी ती कुटून दिली तेव्हा तर सगळा धूर एकदमच डोक्यात गेला असणार. ते गोळी जनेलातून फेकत नव्हते. ते आईला घरात ठेवत होते.

मी रात्रभर बसून आठवलं, खरंच कधी विचारलं का. ‘का घेत नाही?’ असं ओरडलो आहे पुष्कळदा. ते विचारणं नव्हे.

आज सोमवार, म्हणजे नव्या मुलांचा वर्ग. अमृताच्या टेबलावरचे दोन उंदीर दूध घेत नव्हते. जवळ यायचे, हुंगायचे, मागे जायचे. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘सर, फळ्यावर लिहिलंय तसं मी थांबवलंय. औषध परत बघायला पाठवू?’ मी फळ्याकडे बघितलं. तांबड्या खडूतलं माझंच अक्षर, वळणदार. पाठव म्हणालो. मग तिला सांगितलं की आजचा पुढचा वर्ग तू घे, माझं डोकं दुखतंय. बाहेर पार्किंगमध्ये जाऊन बसलो. साहेबांनी विचारलं तर त्यांनाही डोकंच सांगितलं.

डॉक्टरांनी गोळी बदलली असं क्षमा म्हणते. नवी थोडी जपून सुरू करायची आणि धूर भरला की लगेच कळवायचं. एवढं सोपं होतं.

मला पुढच्या महिन्यात कोरगावला येऊ देशील का? दारात उभा राहीन, आत नाही आलो तरी चालेल. तुला नको असेल तर क्षमाला नुसतं ‘नाही’ कळव, मी समजेन.

गौरेश


सर्वण
१९ फेब्रुवारी २०२५

ताई,

क्षमाच्या मोबाइलवर तू बाबांचा फोटो पाठवलास तो तिने मला दाखवला. मी मागितला नव्हता, तिने स्वतःहून दाखवला. बाबा परेशभावजींच्या काजूच्या झाडाखाली खुर्चीवर बसलेत, गाल भरलेत. हातात चहाचा कोप आहे. त्या कोपाकडे मी किती वेळ बघत होतो. म्हणजे कोणीतरी दिलेला चहा ते पितात.

नवी गोळी ते कधी घेतात, कधी ‘आज नाका’ म्हणतात आणि तू ‘बरें’ म्हणतेस, मग तासाभराने स्वतःच मागतात, असं तू क्षमाला सांगितलंस. मी हे वाक्य तिच्याकडून दोनदा ऐकून घेतलं. मला हेवा वाटला. लाज सोडून सांगतो, हेवा वाटला.

इकडे मी नोकरीत एक केलं. वर्ग मी परत घेतो, पण आता पहिला तास हात लावायचा नाही. मुलांनी नुसतं बघायचं आणि सांगायचं की हा उंदीर काय नको म्हणतोय. मुलं कंटाळतात. एकाने विचारलं, ‘सर, हे परीक्षेत आहे का?’ नाही म्हणालो, पण उत्तर मला कठीण गेलं.

तू अजून ‘नाही’ कळवलेलं नाहीस. मी वाट बघतो.

गौरेश


सर्वण
२४ मार्च २०२५

ताई,

काल तुझ्याकडून निघताना मी काही बोललो नाही. परेशभावजी बसस्टॉपपर्यंत आले, त्यांनाही धड नमस्कार केला नाही. बोललो असतो तर तुझ्या अंगणात रडलो असतो, आणि शिगम्याची माणसं समोरून जात होती. म्हणून आज लिहितो. तू समोर नसलीस की मला खरं बोलता येतं, हे आता तुलाही कळलं असेल.

‘रविवारी ये, रिकाम्या हातांनी ये,’ असा निरोप तू क्षमाकडे ठेवलास. रिकाम्या हातांचा अर्थ कळला. डिचोलीच्या बाजारात सवयीने त्यांच्यासाठी केळी घ्यायला हात गेला होता, मागे घेतला.

बाबा दारापुढच्या बाल्कांवात बसले होते. मला बघून उठले नाहीत आणि तोंडही फिरवलं नाही. मी पायरीवर बसलो. तुझी मांजर येऊन माझे जोडे हुंगून गेली. मग बाबा म्हणाले, ‘गाडयेन आयलो?’ मी म्हणालो, ‘ना, पयले बशीन.’ झालं. चार महिन्यांत आमचं एवढं बोलणं झालं, आणि मला ते पुरेसं वाटलं.

मग तू जेवणाचं ताट आणलंस. मला वाटलं त्यांच्यासमोर ठेवशील. तू ते माझ्या हातात दिलंस आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेलीस. ताई, मला तुझा राग आला. खरंच आला. ही काय परीक्षा, असं वाटलं. भात, वालीची भाजी, सोलकढी, साधं जेवण, पण ते ताट माझ्या हातात इतकं जड झालं की सोलकढी सांडली. मला माहीत होतं काय होणार. ते तोंड मिटून घेतील, गेटवर घेतलं होतं तसं, आणि या वेळी तू बघशील.

त्यांनी तोंड मिटलं नाही. ताटाकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, आणि म्हणाले,

‘तूं आदीं खा.’

मी भाताचा घास केला आणि खाल्ला.

‘भाजी.’

भाजी खाल्ली.

‘कडी पी.’

प्यालो. ते माझ्या गळ्याकडे बघत होते, मी गिळतो की नाही ते. घास खाली उतरला तरी त्यांचं समाधान झालं नाही. जरा पुढे वाकले आणि म्हणाले,

‘उगड तोंड.’

मी तोंड उघडलं. चष्मा सारखा करून त्यांनी आत बघितलं, एका गालात, मग दुसऱ्या गालात. जीभ वर कर अशी बोटाने खूण केली. केली. पन्नाशीला आलेला माणूस, बापासमोर पायरीवर बसून जीभ वर करून दाखवतो आणि रस्त्याने शिगम्याची माणसं ढोल घेऊन चालली आहेत. चेहरा असा तापला की कान दुखले. पण मी मिटलं नाही. त्यांना घाई नव्हती. त्यांनी सावकाश, पाहिजे तितकं बघितलं.

मग ‘बरें’ म्हणाले आणि ताट माझ्याकडून घेतलं. आणि जेवले. त्याच ताटातून, मी उष्टावलेल्या भातातून. सोलकढी थोडी उरवली आणि वाटी माझ्याकडे सरकवली. मी घेतली.

तू दाराआड होतीस. तुझ्या बांगड्या मला ऐकू आल्या. तू बाहेर आली नाहीस त्याबद्दल तुझे आभार.

उंदीरसुद्धा नवीन खाणं दुसऱ्या उंदराच्या तोंडाचा वास घेतल्याशिवाय खात नाहीत, हे मी वर्गात किती वेळा सांगितलंय. एकाने खाल्लं, तो जगला, मग बाकीचे खातात. त्यांच्यात हे एकमेकांत चालतं. पिपेट धरणाऱ्याला ‘आधी तू खा’ असं त्यांना म्हणता येत नाही. बाबांना म्हणता आलं, आणि त्यांनी मला म्हटलं. त्यांनी नुसतं नाही म्हणून माझं तोंडही बघितलं नसतं, तर माझ्याकडे सांगायला काय राहिलं असतं?

त्यांना घरी परत न्यायचं मी बोलणार नाही. ते म्हणतील तेव्हा, म्हणतील तर. क्षमा म्हणते एवढ्यात विषयसुद्धा काढू नका, आणि तिचं आता मी ऐकतो.

पुढच्या रविवारी येतो. तू जे रांधशील ते ताट माझ्या हातात दे आणि आत जा. त्यांच्यासमोर मी आधी खाईन. मग ते ‘उगड’ म्हणतील आणि मी उघडीन, आणि त्यांची खात्री पटेपर्यंत तसाच बसेन.

तुझा धाकटा,
गौरेश